छपरावरची वाट

१

वेट्टियाची सकाळ तीन कामांनी सुरू होई. चुलीतली राख काढायची, घरच्या देवांपुढे चिमूटभर मीठ आणि सातूचे पीठ ठेवायचे, आणि चौकातल्या कुंडात जे काही पडले असेल ते जाळीने काढून टाकायचे. चौकाचे कौलारू छप्पर चारही बाजूंनी आत उतरलेले होते आणि मधोमध उघडे होते. त्या उघड्या चौकटीतून ऊन, पाऊस, वाळकी पाने, कबुतरांची पिसे, सगळे सरळ खालच्या दगडी कुंडात येई. नवरा समुद्रात गेला त्याला दोन वर्षे झाली होती. पाने पडायची मात्र थांबली नव्हती.

घरात दुसरे माणूस म्हणजे नीके, म्हातारी दासी. तिला ऐकू कमी येई, आणि जेवढे ऐकू येई त्यावर तिचे मत फारसे चांगले नसे. दिवसभरात दोघींमध्ये मोजून दहा वाक्ये होत, त्यातली चार कांद्यांबद्दल. बाकी वेळ वेट्टिया मागावर बसे. धोटा इकडून तिकडे जाई, तिकडून इकडे येई. तेवढाच काय तो घरात आवाज.

तिचा नवरा औलुस मद्याचे बुधले घेऊन दरवर्षी आफ्रिकेला जायचा. वसंतात तारकीनाच्या बंदरातून निघायचा तो पानगळीलाच परत. दोन वर्षांपूर्वी जहाज फुटल्याची बातमी आली. प्रेत नव्हते, पण विधी सगळे झाले. थोरल्या दिराने, सेर्वियुसने, रिवाजाप्रमाणे भावाच्या नावाने तीनदा हाक मारली, तीनदाही उत्तर आले नाही, आणि गावाबाहेर हमरस्त्याच्या कडेला एक रिकामे थडगे बांधले गेले. त्यावर औलुसचा चेहरा कोरून घेतला. पाथरवटाने उजव्या भुवईवरचा वण डावीवर कोरून ठेवला. सेर्वियुस त्याच्याशी कचाकचा भांडला, पण दगडावरचा वण काही पुसता येईना, तेव्हा तसाच राहिला.

दर महिन्याच्या मध्याला वेट्टिया तिथे जायची. मद्यात भिजवलेली भाकर, थोडे मीठ, मिळाली तर फुले. पहिल्यांदा ती नुसती उभी राहून परत आली. दुसऱ्यांदा दोन शब्द बोलली. माणूस किती दिवस गप्प बसेल? पुढे पुढे ती थडग्याच्या पायरीवर बसून महिन्याभराचे सगळे सांगू लागली. शेजारणीने दिलेले अंजिराचे कलम धरले की नाही, नीकेचा कुठला दात पडला, पूर्वेच्या कोपऱ्यात कौल कसे गळते, सेर्वियुसभावोजींचे गुडघे. जिवंतपणी औलुसला एवढे ऐकायला कधी वेळ नव्हता. तो हिशोबी माणूस, दोन वाक्यांत गोष्ट संपली पाहिजे म्हणायचा. दगडाला घाई नव्हती. पुढच्या खेपेला भाकर संपलेली असे. पक्षी खात असतील, कुत्री खात असतील. तिने कधी चौकशी केली नाही. परत येताना छाती हलकी वाटायची, एवढे तिला पुरे होते.

२

त्या वर्षी पानगळीच्या सुरुवातीला एक खलाशी सेर्वियुसकडे निरोप घेऊन आला. औलुस जिवंत होता. किनाऱ्याला लागला होता, वर्षभर तापाने अंथरुणात होता, मग मिठागरात राबून त्याने परतीचे भाडे जमवले होते. धान्याच्या जहाजाने तो चार-पाच दिवसांत पोचणार होता.

सेर्वियुस दुखऱ्या गुडघ्यांनी टेकडी चढून भावजयीकडे आला. तो दोर वळण्याचा धंदा करायचा आणि कुठल्याही गोष्टीचा शेवट दोरापाशी आणायचा. आधी तो रडला, मग दोन पेले मद्य प्यायला, आणि मग कामाचे बोलला.

"एक लक्षात ठेव. तो आला तरी दार उघडायचं नाही."

वेट्टियाला हसू आले. रिवाज तिलाही माहीत होता. ज्याला मेला म्हणून निरोप दिला तो परत आला, तर त्याला उंबऱ्यावरून आत घेत नाहीत. त्याने छपरावर चढायचे आणि वरून चौकात उतरायचे, नव्याने जन्मल्यासारखे. लहानपणी तिने एका म्हाताऱ्या शिपायाला असे उतरवताना पाहिले होते. सगळी गल्ली टाळ्या पिटत होती.

"हसतेस काय," सेर्वियुस म्हणाला. "आल्या आल्या मी त्याला माझ्याकडे ठेवीन. कौलं शाकारणारा दामास येईल, शिडी आणील. दोर माझा. तू खाली कुंडापाशी उभी राहा म्हणजे झालं."

"आणि दोर तुटला म्हणजे, भावोजी?"

"माझ्या दोरांनी बंदरात दगडी खांब उतरवतात. तुझ्या नवऱ्याचं काय घेऊन बसलीस."

त्या दिवशी तिने कितीतरी दिवसांनी दोन माणसांचे अंथरूण उन्हात घातले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला पाऊस भुरभुरत होता. नीके मागच्या अंगणात लाकडे आत घेत होती. दारावर थाप पडली नाही. नुसता आवाज आला, हळू आणि अगदी दाराला लागून.

"वेट्टिया. दार उघड."

आवाज त्याचाच होता. ती दाराशी गेली आणि कडीवर हात ठेवून उभी राहिली.

"भावोजींकडे जा," ती म्हणाली. "तुला माहीत नाही का? दारातून नाही यायचं."

"भिजलोय गं. उघड."

त्याने दाराला हात लावला नाही, कडी वाजवली नाही. दाराखालच्या फटीतून त्याचे अनवाणी पाय दिसत होते, चिखलाने माखलेले. पाय एकमेकांवर घासत तो उभा होता. दोन वर्षे दिवेलागणीला त्या दाराशी कोणी तिच्यासाठी आले नव्हते. शिडीचे आणि दोराचे उद्या बघू, असे तिने स्वतःला सांगितले. आणि कडी काढली.

त्याने आत पाऊल टाकले ते डावे. दमलेल्या माणसाला कुठला डावा आणि कुठला उजवा.

३

सकाळी सेर्वियुस आला. भावाला कवटाळून हमसाहमशी रडला. रडून झाल्यावर त्याच्या लक्षात आले की भाऊ घरात बसलेला आहे, आणि तो भावजयीवर घसरला.

"चार दिवस दम निघाला नाही तुला?"

तिने मान खाली घातली. औलुस भिंतीला टेकून मंद हसत होता. त्याला लहान होडीत आधीच जागा मिळाली, तो म्हणाला. छपराचा विधी मागाहून करू, पण पाय मुरगळलाय, तो बरा होऊ दे. सेर्वियुस कुरकुरला आणि कबूल झाला.

ते दोन दिवस वेट्टियाच्या आयुष्यातले सगळ्यात गजबजलेले होते. औलुस तिच्याजवळ बसून राहायचा. ती मागावर बसली की बाजूला, चुलीपाशी गेली की उंबऱ्यात. आणि ऐकायचा. ती बोलायची आणि तो तिच्या तोंडाकडे बघत राहायचा. मध्येच एखादा प्रश्न विचारायचा, तोही नेमका. "मग अंजिराचं कलम शेवटी कुठल्या भिंतीशी लावलंस?" "नीकेचा डावीकडचा दात गेला तो कधी?"

रात्री अंथरुणात पडल्यावर तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. कलम तर तो गेल्यावर लावले. दात गेल्या हिवाळ्यात पडला. मग तिने विचार केला, सेर्वियुसभावोजींनी सांगितले असेल. भावोजी अंजिराच्या कलमाबद्दल बोलणारे नव्हेत, हे तिला पक्के माहीत होते. तरी तिने तेच धरून ठेवले आणि झोपली.

सकाळी तिने त्याला उजेडात बघितले. वण डाव्या भुवईवर होता. ती बराच वेळ बघत राहिली. तिच्या डावीकडचा की त्याच्या डावीकडचा? दोन वर्षे ती दगडावरचा वण बघत आली होती. तिने डोळे मिटून खरा औलुस आठवायचा प्रयत्न केला, तर दरवेळी दगडच समोर आला. तिने सेर्वियुसला सहज विचारून पाहिले. तो म्हणाला, "डावीकडेच ना? की पाथरवटाशी भांडलो होतो मी त्यावरून?" आणि कपाळाला आठ्या घालून बसला.

नीके मात्र त्याच्याकडे बघत नसे. तिसऱ्या दिवशी तिने वेट्टियाला स्वयंपाकघरात ओढले.

"बाई, मी काल जेवणानंतर झाडलं नव्हतं. खाली पडलेलं तसंच ठेवलं होतं."

जेवताना जमिनीवर पडलेले घास तिथे कोणी उचलत नाही. ते मेलेल्यांचे.

"मग?"

"मालक ते खाऊन गेलेत. मी पाहिलं. चार पायांवर बसून. ताटातल्याला हात नाही लावत ते, बाई. तुम्ही तोंड फिरवलंत की ताटातलं खाली टाकतात, मग खातात."

वेट्टियाने तिला दटावले. मिठागरात राबलेला माणूस, कुत्र्यासारखे खायची सवय लागली असेल, त्यात दात काय काढायचे? नीके म्हणाली की ती हसत नव्हती. संध्याकाळपर्यंत तिने आपले गाठोडे बांधले आणि सेर्वियुसच्या घरी कामाला जाते म्हणून निघाली. वेट्टियाने तिला अडवले नाही. आता घरात ती दोघेच उरली.

४

चौथ्या दिवशी सकाळी दारावर खणखणीत थाप पडली. धान्याचे जहाज लागले होते. दारात एक तरुण खलाशी खांद्यावर बोचके घेऊन उभा होता, उन्हाने भाजलेला, आणि गालातल्या गालात हसत होता.

"औलुसचं घर हेच ना? त्यांचं बोचकं राहिलं जहाजावर. फळी टाकायच्या आत उडी मारून गेले. सगळ्यांच्या आधी."

"कधी?" वेट्टियाने विचारले.

"आत्ता, तासभर झाला असेल. आम्हाला म्हणाले, आधी स्वतःच्याच घराच्या छपरावर चढायचंय. आम्ही सगळे हसलो. सगळ्या वाटेभर तेच चाललेलं, दोर कोण धरणार नि बायको खाली उभी राहील का. पोचले नाहीत अजून?"

मागे, चौकाच्या सावलीत, तिला माणूस हलल्याचा आवाज आला. चार दिवस झाले होते तो आत आल्याला.

ती नुसते "नाही" म्हणाली असती तरी चालले असते. "ही काय भानगड आहे?" म्हणून त्या पोराचा दंड धरून सेर्वियुसकडे घेऊन गेली असती तरी चालले असते. तिने बोचके घेतले.

"पोचलेत," ती म्हणाली. "झोपलेत."

खलाशी खूश होऊन गेला. तिने दार लावले. बोचक्यात एक जाड झगा होता, अंजिरांची माळ होती, आणि कापडात गुंडाळलेली हस्तिदंती फणी होती, बायकी. घरातला तो मागून आला आणि तिच्या खांद्यावरून त्याने पाहिले.

"माझंच आहे," तो म्हणाला, आणि झगा अंगात घातला.

तो त्याला बरोबर बसला.

५

त्याच दुपारी, ऊन अगदी डोक्यावर असताना, छपरावर पाऊल वाजले.

दुपारची ती वेळ गावात सगळ्यांची झोपेची. गल्ली चिडीचूप. वेट्टिया मागावर होती. आधी वाटले मांजर असेल, पण मांजराने कौल तडकत नाही. कौल तडकले, आणि मग पूर्वेच्या कोपऱ्यापासून जड पावले सावकाश आतल्या उताराने चौकटीच्या कडेपर्यंत आली आणि थांबली. कौलाचा एक तुकडा घसरत येऊन कुंडात पडला.

तिने वर बघितले. चौकोनी निळे आकाश होते, बाकी काही नव्हते.

मग तिने खाली बघितले. कुंडातले पाणी तुकड्याने हलत होते ते थांबले. पाण्यातही तोच निळा चौकोन होता, आणि त्याच्या कडेवर एक माणूस वाकलेला होता. डोके आणि खांदे. ऊन मागे असल्यामुळे चेहरा काळा दिसत होता. त्याचे तोंड उघडत होते, मिटत होते. तो हाक मारत होता. हात हलवून हलवून मारत होता. खाली काहीसुद्धा ऐकू येत नव्हते.

ती धडपडत उठली. पुन्हा वर पाहिले, आकाश. पुन्हा पाण्यात, तो.

"पाण्यात बघू नकोस," घरातला म्हणाला. तो भिंतीला धरून उभा होता. तो चौकात आला की नेहमी भिंतीच्या कडेनेच चालायचा, उघड्या चौकटीखाली कधी यायचा नाही. हे तिच्या आत्ता लक्षात आले. "ऊन उतरलं की जाईल तो."

"कोण आहे?"

तो भिंतीच्या कडेने आत निघून गेला. ऊन उतरले आणि पाण्यात नुसते आकाश राहिले.

पुढच्या दुपारी तो पुन्हा आला. त्याच्या पुढच्याही. वेट्टियाला पावले ओळखता येऊ लागली, कारण ती रोज बदलत होती. पहिल्या दिवशी कौल फुटले होते. दुसऱ्या दिवशी नुसते कुरकुरले. तिसऱ्या दिवशी लहान मुलाचे वजन असावे तशी पावले. पाण्यातला माणूसही फिकट होत चालला होता, ऊन त्याच्या खांद्यातून दिसू लागले होते. फक्त तोंड तसेच उघडत मिटत होते. ज्याला उतरवून घ्यायला कोणी नाही त्याचे असे होत असावे. छपरावर माणूस राहणार तरी किती दिवस?

या तीन दिवसांत ती दोनदा सेर्वियुसकडे जायला निघाली आणि दोनदाही गल्लीच्या तोंडाशी येऊन परत फिरली. काय सांगायचे होते, ते शब्द तिच्याकडे होते. पण ते सांगितले की लोक येणार, घरातल्याला बाहेर काढणार. आणि वर जो होता तो खाली येईलच अशी खात्री कोणी द्यावी? मग पुन्हा ती, माग आणि कुंडातली पाने. तिला त्या एकटेपणाची इतकी भीती वाटली की वरच्याची वाटेना.

६

सातव्या दिवशी सेर्वियुसच दामासला घेऊन आला. आता पायाची सबब पुरे, तो म्हणाला. आज आधी कौले बघून घेऊ, उद्या विधी उरकू.

दामासने बाहेरून शिडी लावली आणि वर गेला. सेर्वियुस आणि वेट्टिया चौकात उभे राहिले. घरातला आतल्या खोलीत तोंड भिंतीकडे करून पडून होता. दामासचे डोके चौकटीत दिसले. तो वर होता आणि वरच दिसत होता, पाण्यातही दिसत होता. वेट्टियाला त्याचेच बरे वाटले.

"बाई, वर कोणी भाडेकरू ठेवलाय का?" दामास ओरडला. "पूर्वेकडचं शेवाळ घासून गुळगुळीत झालंय. कुणीतरी इथं बसून बसून जागा केलीये. एक कौल फुटलंय, बाकीची ठीक."

"कबुतरं असतील," सेर्वियुस म्हणाला.

"एवढी लठ्ठ कबुतरं असतील तर मला दोन पाठवा."

सेर्वियुस हसला. मग त्याने भावजयीकडे पाहिले आणि हसायचा थांबला. त्याचा आवाज खाली आला.

"काय झालंय, वेट्टिया? नीके काहीबाही सांगते. मी तिला गप्प बसवलं. पण तू सांग. तो आपला औलुसच आहे ना?"

सगळे सांगून टाकायला याहून चांगली वेळ येणार नव्हती. सेर्वियुसचे मोठे खरबरीत हात, दोराच्या गवताचा वास येणारे, तिच्यासमोर मोकळे लोंबत होते. तिला वाटले, हे हात धरावेत आणि रडावे.

"तोच आहे, भावोजी," ती म्हणाली. "दमलाय. अजून थोडे दिवस द्या."

सेर्वियुसने आतल्या खोलीकडे एकदा बघितले. मग शिडी इथेच ठेवून जातो, म्हणाला, लागेल तेव्हा बोलाव. दामासने शिडी आत आणून चौकाच्या भिंतीशी टेकवली. शिडी पुरेशी उंच होती. खालून लावली तर चौकटीच्या कडेला नीट टेकली असती.

७

त्या दुपारी पाऊल वाजलेच नाही. कुंडावर नुसती सावली आली, ढगाच्या तुकड्याएवढी. पाण्यात आता चेहरा असा नव्हता, जिथे चेहरा असायचा तिथे ऊन थोडे मळकट दिसत होते. आणि पहिल्यांदाच आवाज आला. अगदी बारीक, रिकाम्या बुधल्यात तोंड घालून कोणी बोलावे तसा.

"वेट्टिया. शिडी लाव गं."

ती उठून उभी राहिली.

"मी रिवाजानं आलोय. दारात आलो नाही. दादाला हाका मारल्या, त्याला ऐकू गेल्या नाहीत. शिडी लाव."

तिने शिडीला हात घातला. जड होती, पण तिला उचलता आली असती. तिने ती भिंतीपासून वीतभर दूर ओढली. तेव्हा घरातला आतल्या खोलीतून आला आणि खांबाला टेकून जमिनीवर बसला. त्याने तिला अडवले नाही. आवाजही चढवला नाही.

"तो खाली आला की मला जावं लागेल," तो म्हणाला. "लाव तुला लावायची तर. पण वसंतात तो परत जहाजावर जाईल. दरवर्षी जातो. तू पानं काढत बसशील."

"तू कोण आहेस?"

"तू माझ्याशी बोलायचीस," तो म्हणाला. "दर महिन्याला. मी एकही शब्द सांडू दिला नाही. त्यानं कधी ऐकलं होतं तुझं?"

ते खरे होते. तिला राग आला तो याच गोष्टीचा, की ते खरे होते. तिने शिडी धरून ठेवली. वरचा आवाज आणखी बारीक झाला होता, आता तो घाईने बोलत होता.

"पूर्वेच्या वळचणीवर उभा आहे मी. आपल्या चिमणीच्या डोक्यावर. तिची शपथ आहे तुला, वेट्टिया. लाव शिडी."

वेट्टियाने मान वर केली. सहा वर्षांपूर्वी तिला मुलगी झाली होती. आठव्या दिवशी नाव ठेवायचे होते आणि ती सातव्या दिवशी गेली. एवढ्या लहान जिवाला गावाबाहेर नेत नाहीत, घराच्या वळचणीखाली ठेवतात, तशी त्यांनी तिला पूर्वेच्या कोपऱ्यात ठेवली. नाव नव्हते, म्हणून औलुस त्या सात दिवसांत तिला चिमणी म्हणायचा. आठव्या दिवसापासून त्याने तो शब्द उच्चारला नाही. वेट्टियाने एकदा विषय काढला तर तो उठून बंदरावर निघून गेला. तिनेही मग कोणापाशी काढला नाही. थडग्यापाशीसुद्धा नाही. बोलायला बसली की इतर सगळे बोलून होई, आणि हे घशाशी येऊन परत जाई.

वर होता तो तिचा नवरा होता. आता शंकेला जागाच नव्हती. तिच्या मुलीचा बाप कौलांवर उभा राहून विरत चालला होता, आणि शिडी तिच्या हातात होती.

चिमणीबद्दल तो बोलला, तो आज बोलला. सहा वर्षे गप्प राहून, आत यायला मिळावे म्हणून बोलला. तिने ऊन मळकट दिसत होते तिकडे बघितले. तिच्या तोंडून जे निघाले ते तिने आधी ठरवलेले नव्हते.

"घरचा माणूस घरात आहे," ती म्हणाली.

मग पाण्यावरचा डाग हलला, कडेला सरकला, आणि पाणी स्वच्छ निळे झाले. वळचणीवरून कौलाची चिमूटभर माती झरझर खाली सांडली. तेवढेच. गल्लीत कोणाचे तरी दार उघडले, कोणी तरी खाकरले, दुपार संपली.

वेट्टियाने शिडी पुन्हा भिंतीला टेकवली. घरातला उठला. भिंतीचा आधार सोडून तो सरळ चौकाच्या मधोमध आला, कुंडाच्या काठावर, उघड्या आकाशाखाली, आणि मान वर करून त्याने अंगावर ऊन घेतले. आता त्याला कशाचीच घाई नव्हती. मग तो काठावर बसला आणि शेजारची जागा त्याने हाताने पुसून दिली.

"चिमणी कोण?" त्याने विचारले.

वेट्टियाने वळचणीकडे बघितले.

"ते कधी सांगितलं नाहीस मला," तो म्हणाला. "सांग ना."

त्याच्या डोळ्यांत भूक होती, हे तिला दिसले. जे सांगायचे ते त्याच्या पोटात जाणार, आणि मग तिच्याजवळ त्याला ठाऊक नसलेले असे काही म्हणजे काहीच उरणार नाही, हेही तिला कळले. पण सहा वर्षांत तिला हे कोणी विचारले नव्हते. ती त्याच्या शेजारी बसली आणि पहिल्या दिवसापासून सांगू लागली.